केरबा शाहिरांचं शेवटचं कडवं

खरा कलावंत कधीच थांबत नाही — हे वाक्य मी माईकवरून इतक्या वेळा बोललोय की आता ते माझंच वाटतं. आणि दर वेळी, ते बोलल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, मी समोरच्या कलावंताला थांबवलंय.

हे आधीच सांगितलेलं बरं. इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो. वडाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचतो आणि हसतो. आमच्या कारखान्यात सूचक-अनुमोदकाशिवाय ठरावही कुणी खरा मानत नसे, तिथं मी नोकरी केलेली. भुतांना तर अनुमोदक कधीच नसतो. त्यामुळे मी काही पटवायला बसलेलो नाही. घडलं तसं लिहितो.

मी तेलगावच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात ऑफिसला होतो. हुद्दा कारकुनाचा, पण वाचनाची आवड आणि आवाज बरा, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे. बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम, वार्षिक सभा, चेअरमनचा वाढदिवस. यातल्या कशालाही पाहुणे वेळेवर येत नसत. दहाची वेळ छापली की एक वाजता यायचे. तोवर उन्हात बसलेली माणसं शेवटी शेवटी उठायला लागली की त्यांना थोपवून धरायला आम्ही केरबा शाहीर ठेवलेले होते.

काळासावळा, बारीक माणूस. डोक्याला गुलाबी फेटा, हातात डफ, मागं तुणतुण्यावर त्यांचा मेव्हणा. गाणी स्वतःच रचायचे, स्वतःच म्हणायचे. लिहिता येत नव्हतं, सगळं डोक्यात. गेटवर गाड्यांची धूळ दिसली की मी मागून जाऊन त्यांच्या सदऱ्याचं टोक दोनदा ओढायचो. म्हणजे — शाहीर, आवरा. ते ओळ जिथं असेल तिथं सोडायचे, डफ काखेत मारायचे, हात जोडून हारवाल्याला वाट करून द्यायचे. वीस वर्षांत एकदाही कपाळाला आठी नाही.

मी त्यांची गाणी ऐकली का? नाही. कान तिकडे होते, पण डोळे गेटवर. मी तालुक्याच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणणारा माणूस, रेडिओवर शास्त्रीय गायन ऐकणारा. केरबा शाहीर म्हणजे माझ्या लेखी सतरंजी, खुर्च्या, तांब्या-भांडं आणि शाहीर — मांडवाच्या सामानाच्या यादीत चौथे.

रिटायर झालो. मग तो दुष्काळ आला. माजलगावच्या धरणाच्या तळाला भेगा दिसायला लागल्या, ऊस तर नव्हताच, कारखान्याचं गाळप बंद. उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या रिकाम्या यार्डात चारा छावणी सुरू झाली. एका संचालकांनी घरी येऊन सांगितलं, "तुमचा आवाज जनावरांनाही ओळखीचा हाय. या सकाळ-दुपार." चारा आला, टँकर आला, असं पुकारायचं काम. मी वजनकाट्याच्या खोलीत बसायचो. बाहेर बाभळीला लोखंडी कर्णा बांधलेला.

ती गोष्ट एप्रिलातली. दुपारचे दोन. लाईट सकाळपासून नव्हती. ऊन असं की गुरं सुद्धा रवंथ करायची थांबलेली. मी काट्याच्या लोखंडी फळीवर पेपर वाचत बसलो होतो. आणि कर्ण्यातून डफ वाजला.

आधी डफ, मग तुणतुणं, मग केरबा शाहिरांचा आवाज.

*विहीर पुसते ढगाला, पाव्हण्या येशील कधी रं*
*दोर झिजला, रहाट थिजला, घागर उभी मधी रं*

ओळखीचं गाणं. मी शंभरदा तोडलेलं. पेपर वाचत राहिलो. कुणीतरी कॅसेट लावली असेल...

*घागर म्हणते, मी रिकामी, रिकामीच मी बरी रं*
*भरल्या घागरी डोईवरच्या गेल्या कुणाच्या घरी रं*

इथं मी पेपर खाली ठेवला. पहिल्यांदाच शब्द कानात शिरले होते. भरल्या घागरी कुणाच्या घरी गेल्या, हे हा माणूस आमच्याच मांडवात, आमच्याच संचालकांसमोर, आमच्याच पैशाने म्हणत होता! आणि आम्ही त्याच्यापुढून हार घेऊन जात होतो.

*काठावरती माय बैसली, मोजीत एकेक खडा रं...*

इथं मी नेहमी सदरा ओढायचो. ती माय खडे का मोजते, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. माझा हात आपोआप उचलला गेला. पण ओढायला सदरा नव्हता. गाणं पुढं गेलं.

पुढचं सगळं ऐकलं. उरलेलं कडवं, आणि त्यानंतरचं शेवटचं, ज्यात शाहीर स्वतःचं नाव गुंफतात ते. ऐकताना काय झालं ते नीट सांगता येत नाही. साठीच्या पुढचा माणूस मी, काट्याच्या फळीवर बसून रडत होतो, एवढं खरं. डफाची शेवटची थाप पडली आणि शांत झालं.

खिडकीबाहेर भामाबाई उभी. पलीकडच्या गावची म्हातारी, दोन म्हशी घेऊन छावणीत राहायला आलेली. म्हणाली, "सायेब, कावून तोडलं वो गाणं? लई चांगलं चाललं हुतं."

म्हटलं, "तोडलं कुठं? पूर्ण झालं की."

"कुटलं पुरं? माय खडे मोजतीय, तितंच तोडलं. दर बारीला तितंच तोडता तुमी." मग जरा निरखून, "तुमीच न्हवं का ते, सदरा वढणारं?"

कॅसेट कुणी लावली ते बघायला मी मशीनच्या आतल्या खोलीत गेलो. टेबलावर मशीनच नव्हतं! वायरची दोन टोकं नुसती लोंबत होती. तेव्हा आठवलं — अॅम्प्लिफायर आमच्या लाऊडस्पीकरवाल्या रफिकने आदल्या दिवशीच तेलगावला दुरुस्तीला नेला होता. संध्याकाळी तो मोटारसायकलवरून आला, त्याला विचारलं.

"मशीन इथं न्हाई, लाईट न्हाई, तर आवाज कुठून येतंय साहेब?" रफिक म्हणाला. "उन्हात टोपी घालून बसत जावा. आन् शाहिराची कॅसेट हायच कुठं? टेप घेतला हुता तो चेअरमनच्या भाषणाला."

भामाबाईनेही ऐकलंय म्हटल्यावर म्हणाला, "मग दोन टोप्या आणतो."

त्यानंतर मी छावणीत दावणी-दावणीने फिरायला लागलो. केरबा शाहिरांचं काही येतं का? येत होतं की! बायांना येत होतं, म्हाताऱ्यांना येत होतं. आठ-दहा गाणी मिळाली, एकेक अशी की वही लिहिता लिहिता मी थांबून राहायचो. लोकांचा हा माणूस इतका लाडका, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर वीस वर्षं घड्याळ बघत उभा. पण एकही गाणं पुरं नव्हतं. प्रत्येक अडीच कडव्यांवर तुटायचं. मी जिथं तोडलं, तिथंच लोकांच्या तोंडी ते कायमचं तुटलेलं. आणि नाव शेवटच्या कडव्यात, त्यामुळे नाव कुठंच नाही. कुणाचं गाणं विचारलं तर तरण्या पोरी सांगायच्या, "कारखान्याचं."

विहिरीच्या गाण्याचा शेवट मात्र मी ऐकला होता. जगात एकट्याने. तो लिहायला बसलो... माय विहिरीत खडे टाकून कान लावते, एवढा अर्थ राहिला होता. शब्द गेले होते. शेवटच्या कडव्याचा तर अर्थही नाही. ते फार सुंदर होतं, एवढंच आठवत होतं. याचा कुणाला काय उपयोग?

शेवटी त्यांच्या घरी गेलो. आदल्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला कुणी सांगितलंही नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं. सोजरबाईंनी — त्यांच्या मंडळींनी — मला बाजेजवळ पाटावर बसवलं. पाणी मोजून यायचं त्या दिवसांत तांब्या भरून दिला.

"वहिनी, विहिरीच्या गाण्याचा शेवट तुम्हाला येतो?"

"न्हाई वो भाऊसायेब. घरात कदी म्हणलंच न्हाई त्येनी. म्हणायचे, शेवट सभेतच व्हायचा. आज हुईल, उद्या हुईल..." त्या डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या. "त्येंचं नाव हाय त्यात. तेवढं मला पायजे. पोरी गाणं म्हणत्यात, दारावरनं म्हणत जात्यात, आन् ह्यो माणूस आत पडून ऐकतोय — कारखान्याचं गाणं म्हणून. एकडाव त्येंच्या कानावर त्येंचं नाव पडूं द्या. मग जाऊं द्या त्येना."

मी छावणीतलं सगळं सांगितलं. त्यांनी ना आश्चर्य दाखवलं, ना हसल्या. "मग म्हणा की," एवढंच म्हणाल्या.

शाहीर माझ्याकडे बघत होते. मी माझ्या त्या निवेदकाच्या आवाजात सुरू केलं. पहिलं कडवं, दुसरं. 'काठावरती माय बैसली, मोजीत एकेक खडा रं' — आणि शपथेवर सांगतो, पुढची ओळ ओठावर आली. आली, एवढंच नाही, तिच्या मागच्या सगळ्या ओळी रांग लावून उभ्या असलेल्या मला जाणवल्या.

तेवढ्यात शर्टाला ओढ लागली. शाहिरांचा डावा हात बाजेवरून खाली आला होता. माझ्या शर्टाचं टोक धरून त्यांनी ओढलं. दोनदा.

मी थांबलो. वीस वर्षांची सवय, दुसरं काय. थांबलो आणि सगळं पुसलं गेलं.

"म्हणा म्हणत्यात!" सोजरबाई म्हणाल्या. "फुडं म्हणा म्हणत्यात ते."

असेल. किंवा आवरा म्हणत असतील. किंवा उसनं फेडत असतील. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं, अर्धं तोंड तर हलतच नव्हतं. मी तास-दीड तास बसलो, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिथंच अडायचं. सोजरबाई प्रत्येक वेळी पुढं सरकायच्या आणि मग मागं व्हायच्या. माणसाकडे दुसऱ्याची एकच वस्तू असावी आणि ती परत देता येऊ नये... असो.

दहा-बारा दिवसांनी शाहीर गेले.

कारखान्याने शोकसभा ठेवली. दुष्काळात मांडवाचा खर्च दोनदा नको म्हणून शोकसभा आणि पाण्याच्या टाक्यांचं लोकार्पण एकाच मांडवात, यार्डातच. फोटोला हार एका बाजूला, टाक्यांना फीत दुसऱ्या बाजूला. पाहुणे यायचे होते, म्हणजे आलेले नव्हते. सूत्रसंचालन आता ऑफिसातल्या एका तरुणाकडे होतं. त्याला हे काम मीच शिकवलेलं. तो कानाशी येऊन म्हणाला, "सर, लोक उठायला लागलेत. तुम्ही शाहिरांवर बोला ना थोडं. पाहुणे येईपर्यंत."

सोजरबाई पहिल्या रांगेत, सतरंजीवर. शेजारी भामाबाई. मी माईक धरला आणि बोललो नाही, म्हणायला लागलो. पहिलं कडवं. दुसरं. मांडव शांत. माय खडे मोजायला बसली... आणि मला न आठवताच माझ्या तोंडून पुढची ओळ आली —

*पाण्यावरती वाजंल ज्या दिशी, भरीन म्हणते घडा रं*

मांडवात कुणीतरी "आहाहा" म्हणालं. शेवटचं कडवं समोर लख्ख उभं होतं, नावासकट. मी श्वास घेतला.

मागून शर्टाला ओढ लागली. दोनदा.

वळून पाहिलं. शाहीर नव्हते. तो तरुण होता. गेटवर धूळ उठलेली होती.

मी बाजूला झालो. झालो म्हणजे, पाय झाले. हारवाला माझ्यापुढून गेला. फीत कापून, भाषणं होऊन मांडव मोकळा होईपर्यंत कडवं गेलेलं होतं. आजतागायत आलेलं नाही. बंद कर्ण्यातून ते मला का ऐकू आलं, भामाबाईला अर्धंच का, आणि ऐकवायचंच होतं तर लक्षात ठेवू शकणाऱ्या माणसाला का नाही? माझ्याकडे रफिकने आणलेली टोपी तेवढी आहे.

निघताना सोजरबाई माझ्याजवळ थांबल्या. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "एक ओळ फुडं गेलात की ह्या बारीला."

त्या सभेचं इतिवृत्त जुन्या सवयीने मलाच लिहायला दिलं. त्यात नोंद आहे : 'पाहुण्यांचे आगमन होईपर्यंत एक गीत सादर झाले.' गीत कुणाचं, हा रकाना आमच्या छापील नमुन्यात पहिल्यापासूनच नाही.