आवाज चालू, तर हुक चालू

ऐकणारं माणूस घरात नसलं की किस्से साचतात. आधी माझ्याकडे एकही शिल्लक नसे. साइटवर काही घडलं की संध्याकाळी चहाबरोबर शुभदाला, म्हणजे बायकोला, सांगून मी मोकळा. गेल्या थंडीत ती गेली. तेव्हापासून ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात किस्से नुसते पडून आहेत. म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा.

सिटी सेंटरच्या बाजूला एक उंच इमारत चालू आहे, तिथे मी टॉवर क्रेनला इशारे देतो. ऑपरेटर वर केबिनमध्ये. त्याला खालचं सगळं दिसत नाही. मी वॉकीटॉकीवर बोलेन तसा तो माल उचलतो नि ठेवतो. हा ऑपरेटर मुरैन्याचा, नाव भगवानसिंह. आता एवढ्या उंचावर बसणाऱ्याचं नाव भगवान म्हटल्यावर पुढचं आलंच.

एकदा मालकांचे कोणी पाहुणे साइट बघायला आले. सळ्यांचा भलामोठा गठ्ठा डोक्याच्याही वर लटकलेला बघून त्यांना घाम फुटला. खरं तर आम्ही त्यांना हद्दीच्या दोरीच्या बाहेर, चांगलं लांब उभं केलं होतं. गठ्ठ्याला पट्टे बांधणारा आमचा हरचरण शेजारीच होता. त्याला त्यांनी विचारलं, "भैया, ये सब किसके भरोसे टंगा है?"

हरचरणने शांतपणे वर बघितलं. "भगवान के, साहब."

पाहुणे गहिवरले. हेल्मेट काढून हात जोडायला निघाले, ते मी काढू दिलं नाही. तेवढ्यात माझ्या हातातल्या वॉकीटॉकीतून वरचा आवाज आला, "भाऊसाब, चाय में शक्कर कम डलवाना."

*

आमच्या कामात एक नियम फार कडक. माल हलतोय तोवर इशारेवाल्याने बोलत राहायचं. "नीचे, नीचे, नीचे," असं अखंड. आवाज तुटला की ऑपरेटरने हुक जागच्या जागी थांबवायचा. बॅटरी गेली असेल, खालचा माणूस पडला असेल, काय सांगावं. आवाज चालू, तर हुक चालू.

मला धुळीची शिंक आली की एक येत नाही, रांग लागते. एकदा प्लायवुडचा ढीग उतरवताना ती रांग लागली. ढीग हवेत थबकला. सगळी साइट माझ्या तोंडाकडे बघतेय. वरून भगवानसिंह म्हणाला, "पूरी कर लो भाऊसाब, हम रुके हैं."

ही सवय इतकी अंगात मुरली की रविवारी दुपारी आडवा झालो तरी झोपेत माझं "नीचे, नीचे" चालू. शुभदा हलवून उठवायची. "अहो, किती नीचे घेऊन राहिलात? पलंग संपला!"

*

हरचरणचा आणखी एक. उचलायच्या पट्ट्याला जराशी चीर दिसली की तो बाद. नुसता बाद करून भागत नाही, कापून टाकायचा, नाहीतर कोणीतरी पुन्हा वापरतो. मी कात्री घेऊन बसलो, तर हरचरण आडवा आला. त्याला तो म्हशीला बांधायला हवा होता.

मी म्हटलं, "अरे, फटा हुआ है. गिर गई तो?"

"गिरेगी कहाँ, भाऊसाब? भैंस तो ज़मीन पर ही है."

तरी कापला. तुकडे मात्र तो घेऊन गेला.

अमेय, माझा मुलगा, फोनवर म्हणतो, आईच्या साड्या देऊन टाका आता कुणाला तरी. त्या मात्र माझ्याच्याने हलवल्या जात नाहीत.

*

आणि हा शुभदाचा आवडता. आपल्याकडे मराठी घरात बोलायची नि हिंदी बाहेर. पण घाबरलं की आतलीच बाहेर येते. एकदा कॉलमचा लोखंडी साचा उतरवत होतो. वाऱ्याने तो झोकांडला. हरचरण त्याला बांधलेली दोरी धरून लांब उभा होता, तो दोरी सोडून पुढे सरकला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांब! थांब!"

त्याने ऐकलं, "थाम." म्हणजे हिंदीत, धर.

आणि गडी धावत गेला, नि दोन्ही हातांनी त्या साच्याला मिठीच मारली. टांगलेल्या मालाला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला धडा. भगवानसिंहने झटक्यात हुक थांबवला म्हणून निभावलं. वर हरचरण मलाच विचारतोय, "आपने ही तो कहा, थाम?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये इंजिनिअरने सगळ्यांकडून घोकून घेतलं: थांब माने रुको. शुभदा तेव्हा अंथरुणावर होती. ऐकून डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हणाली, "चला, ग्वाल्हेरात मराठी बोलणारे वाढले."

*

आता इमारत होत आली आहे. क्रेन उतरवणार, भगवानसिंह दुसऱ्या गावी जाणार. अमेय पुण्याला बोलावतो. "जेवलात?" "जेवलो." "बाकी?" "बाकी ठीक." एवढ्यात आमचं बोलणं संपतं. खरं सांगू, दिवसभर मी ज्याच्याशी बोलतो तो एकच माणूस, आणि तो मला धड दिसतही नाही.

परवा शेवटचा मोठा माल होता, गच्चीवरची पाण्याची टाकी. हरचरणने पट्टे बांधले, मी तपासले, सगळे दोरीबाहेर गेले. मी सुरू केलं, "ऊपर, ऊपर, ऊपर." टाकी निम्म्यावर गेली आणि मनात आलं, ही एकदा वर टेकली की उद्यापासून मी बोलायचं कोणाशी? शब्द फुटेना.

टाकी हवेत थांबली.

हरचरण टाकीला बांधलेली दोरी धरून माझ्याकडे बघत राहिला. इंजिनिअर लांबून हातवारे करत होता, बॅटरी गेली का म्हणून. बॅटरी होती. मी बटण दाबलं, पण तोंडातून काही निघेना, म्हणून सोडून दिलं.

जरा वेळाने वरून आवाज आला. "भाऊसाब?"

मी मान वर करून केबिनकडे बघितलं.

"कोई जल्दी नहीं है," भगवानसिंह म्हणाला. "हम थांबे हैं."