साडूंची थ्री-नॉट-थ्री

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या कॅनडात शोधून सापडायचा नाही, आणि तरीही आमच्या साऱ्या गोतावळ्यात बंदूक आहे ती एकट्या त्यांच्याकडे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. मूळचे नागपूरचे, आता ऑटावाजवळ कनाटात एका टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. कुकरची शिट्टी झाली की हा माणूस दचकतो. दुसरी होणार हे ठाऊक असूनही दुसरीला दचकतो. कॅनडा डेची आतषबाजी ते गाडीच्या काचा वर करून बघतात. झाडाची पानं हिरवी असतानाच विंटर टायर्स लावून मोकळे होतात. मी हसलो तर म्हणतात, "साडूभाऊ, बर्फ काय कॅलेंडर बघून पडतो?"

त्यांचा दुसरा गुण म्हणजे हौस. समोर दिसली की वस्तू घ्यायची, आणि घेतली की तिच्याशी संबंध संपला. मागच्या अंगणात त्यांची एक कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट होडी, पालथी पडलेली आहे. तिनं आजवर पाणी पाहिलं ते फक्त पावसाचं. उन्हाळ्यात ताई तिच्या पाठीवर साबुदाण्याचे पापड वाळत घालते. ज्या गोष्टीला थांबावं लागतं ती हौस तर वाटेतच विझते. फ्रेंचचा क्लास, पियानो, बेसमेंट फिनिश करणं, सगळं अर्ध्यावर. म्हणून "मी लष्करातली जुनी रायफल घेणार, हेरिटेज म्हणून" असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा ताई निर्धास्त होती. इथे बंदुकीच्या परवान्याला कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, आणि अर्जावर बायकोची सहीही लागते. ताईनं भाजी चिरता चिरता सही केली. मला म्हणाली, "पुढच्या लाँग वीकेंडपर्यंत विसरतील."

ते विसरले नाहीत. कोर्स केला, परीक्षा पास झाले, परवाना आला. ताईचा चेहरा उतरला. "ती बंदूक घरात आली तर मी घरात राहणार नाही," एवढंच तिनं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. साडूंना वाटलं, होईल सवय.

दुकान गावाबाहेर शेतांच्या मधे होतं. सोबतीला अर्थात मी. दाढीवाल्या म्हाताऱ्या गोऱ्यानं मेणकागदात गुंडाळलेली, वंगणानं माखलेली रायफल समोर ठेवली, तिचा मागचा खटका पूर्ण बाहेर काढला आणि म्हणाला, "लुक थ्रू द बॅरल. चेक इफ इट्स क्लीन." मागून डोळा लावला की नळीतून समोरच्या खिडकीतलं आभाळ दिसत होतं. तरी साडूंनी ती माझ्याकडे सरकवली.

"साडूभाऊ, आधी तुम्ही बघा. मला दोन मुली आहेत."

"मलाही दोनच आहेत."

"पण तुमच्या मोठ्या आहेत."

मी बघितलं. नळी स्वच्छ होती. मग साडूंनी लाकडी दस्त्यावर नारळ पारखावा तसं टिचकी मारून बघितलं, वास घेतला आणि सौदा पक्का केला. खटक्याजवळचं वंगण पुसून त्यांनी मला शिक्का दाखवला: ईशापूर. आपल्याकडची, बंगालातल्या कारखान्यातली. "थ्री-नॉट-थ्री!" ते हळूच म्हणाले. त्यांचे डोळे इतके चमकत होते की मला थट्टा सुचेना.

त्याच संध्याकाळी ताई बॅग घेऊन आमच्या घरी आली. खरं सांगतो, तिच्या हातची भरली वांगी खाताना मला फारसं दुःख झालं नाही. पण ती जेवली नाही, आणि बायकोनं किती विचारलं तरी बोलली नाही. मग मात्र मला भीती वाटायला लागली. हे भांडण नेहमीच्या भांडणासारखं नव्हतं.

सकाळी साडूंचा फोन. दोन दिवसांवर खंडेनवमी, शस्त्र पूजेला लावायचं, आणि वंगण काही निघत नव्हतं. टबात गरम पाणी सोडून त्यांनी रायफलीला चक्क अभ्यंगस्नान घातलं होतं. आधी शिकेकाई, मग दिवाळीसाठी आणलेलं उटणं. आता रायफल ओशट, टब ओशट, आणि पाणी तुंबलेलं. मागून धाकटीचा आवाज आला, "डॅड, आर यू सिरियसली गिव्हिंग दॅट थिंग अ बाथ?"

फोन स्पीकरवर होता. ताई पाठ करून बसली होती. 'उटणं' ऐकलं मात्र, तिला राहवेना.

"अहो, डाळीचं पीठ लावा! ओशटपणाला उटणं लावतं का कोणी?"

"पीठ कुठे आहे?"

"खालच्या कप्प्यात... राहू द्या, तुम्हाला नाही सापडायचं. सगळा डबा सांडून ठेवाल." आणि माझ्याकडे वळून, "चला, गाडी काढा."

ताईनं बाह्या सरसावल्या आणि पराती घासाव्यात तशी ती रायफल घासायला घेतली. पिठानं वंगण ओढून घेतलं, लाकूड तपकिरी दिसू लागलं. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी निघाली. ताईनं चिंचेचा कोळ मागितला. पट्टी सोन्यासारखी झाली आणि तिचे हात थांबले. ती टबाच्या काठावर बसली.

आमचे सासरे अकोल्याला पोलिसात हवालदार होते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल लहानपणी ताईच चिंचेनं घासून द्यायची. गावात दंगा झाला की ते खांद्याला थ्री-नॉट-थ्री लावून पोलीस लाइनीतून बाहेर पडायचे. आई दारात उभी, दोघी बहिणी तिच्या मागे. "रायफल दिसली की बाबा चालले," ताई म्हणाली. "परत यायचे तेव्हा खांदा मोकळा असायचा. आई काही विचारायची नाही. तेच सांगायचे, जमा केली. मग आई चहा टाकायची, आणि मग आम्हाला झोप लागायची. त्यांच्या खांद्यावर ही असताना मी कधी झोपले नाही हो."

साडू पीठ माखलेल्या हातांनी तसेच उभे होते. "मला वाटलं," ते म्हणाले, "बाबांची काहीच वस्तू तुझ्याकडे नाही. ते गेले तेव्हा आपल्याला विमानाचं तिकीटसुद्धा मिळालं नाही. लग्नात ते माझ्याशी एकाच विषयावर बोलले होते, या रायफलीवर. ही तर ती नाही, पण तिची बहीण असेल." मग लगेच, "उद्या परत करून येतो."

ताई बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "परत कशाला?" ती म्हणाली. "पण आत ठेवलीत की मला सांगायचं." जवसाचं तेल दस्त्याला मी स्वतः चोळलं.

खंडेनवमीला रायफलीला हळदकुंकू लागलं, झेंडू मिळाला. नंतर साडू एकदा नेमबाजीच्या रेंजवर गेले. कानात बोळे, वर इयरमफ, आणि एकच गोळी झाडली. तिला सगळ्यांत जास्त तेच दचकले. घरी आले, बेसमेंटमधल्या कपाटात रायफल ठेवून कुलूप घातलं आणि जिन्यातूनच ओरडले, "जमा केली!" वर ताईनं चहाचं आधण ठेवलं.

तेव्हापासून रेंजवर जाणं जवळजवळ बंदच आहे. कनूची गत झाली, असं मी त्यांना चिडवतो. पण मध्ये एकदा जानेवारीत त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर दाराएवढा बर्फ, ताई खिडकीशी बसलेली. तिच्या बाबांची तिथी होती. साडू बर्फ शोव्हल करून दमले होते, तरी उठून खाली गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. मग जिन्यातून हाक आली, "जमा केली गं!"

रायफल कुठे गेलीच नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ताईनं डोळे पुसले, आणि चहा टाकायला उठली.