बिशपसाहेबांची साक्ष

माझ्या दुकानाचं तोंड हमरस्त्याऐवजी मागच्या गल्लीत गेलं, याचा दोष सगळे बिल्डरला देतात. मी देत नाही. बिल्डरची लबाडी मला कळते, तिच्याशी भाव करता येतो. माझं नुकसान केलं एका निवृत्त लुथरन बिशपांनी, तेही माझ्याच दुकानात बसून, खरं बोलून.

दुकान परळचं, हिंदमाताच्या थोडं पुढे. पडद्यांचं आणि सोफ्याचं कापड. वडील डिलाईल रोडच्या चाळीतून गिरणीत जायचे. गिरणी बंद पडल्यावर आईने याच जागी फुटपाथवर भाजी मांडली. शेजारी एक काळा दगड होता, जमिनीतून अर्धाच वर आलेला. येणारे-जाणारे त्यावर पानाच्या पिंका टाकायचे आणि शिंतोडे मेथीवर उडायचे. एका अमावास्येला आईने दगडाला शेंदूर फासला, दोन फुलं वाहिली. पिंका थांबल्या. पुढे कोणी नारळ फोडला, कोणी नवस बोललं, आणि त्याचा म्हसोबा झाला. मी दगडामागचा गाळा घेतला तेव्हा देवाला टाइल्सचा ओटा बांधला, चांदीचे डोळे बसवले.

बिशपसाहेब मूळचे छिंदवाड्याकडचे. मुलगी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून उतारवयात परळला आलेले. धर्मांच्या इतिहासावर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली होती. पहिल्यांदा आले ते खिडकीचे पडदे घ्यायला, आणि पडदे विसरून ओट्यासमोरच उभे राहिले. मग रोज संध्याकाळी यायला लागले. आईची शेंदराची गोष्ट त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली.

बिशपपद मुदतीआधी का गेलं, तेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या चर्चच्या मोठ्या वर्धापनदिनी जो तो पहिल्या मिशनऱ्याचा चमत्कार सांगत होता. त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि अख्खं गाव बाप्तिस्मा घ्यायला आलं म्हणे. साहेब बोलायला उठले आणि म्हणाले, त्या साली तिकडे दुष्काळ होता, आणि मिशनच्या आवारात धान्य वाटलं जात होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग जेवताना माझ्या शेजारी कोणी बसलं नाही."

"साहेब, कार्यक्रम उरकल्यावर सांगायचं."

"उरकल्यावर मला माईक कोण देणार, भाऊ?"

मी पोट धरून हसलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढे आमची इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या नकाशात रस्त्याकडची बाजू बिल्डरने शोरूमला ठेवली आणि आम्हा जुन्या गाळेवाल्यांना मागची गल्ली दिली. बाकीच्यांनी मुकाट सह्या केल्या. मी म्हणालो, म्हसोबा माझ्या दारात आहे, देव हलत नाही, तर मीही हलत नाही. बिल्डर भाविक माणूस, तो चरकला. एवढंच म्हणाला, "देवस्थान जुनं आहे असं कोणी जाणत्याने सांगू दे. तुमचा गाळा पुढे देतो."

पुजारी आणला असता तर तो माझाच माणूस ठरला असता. म्हणून मी बिशप आणायचं ठरवलं. म्हसोबाची बाजू घेण्यात बिशपाचा काय फायदा? इतकी पक्की साक्ष अख्ख्या परळमध्ये मिळाली नसती. साहेबांना मी म्हणालो, "देव जुना आहे, एवढंच सांगा."

"जुना तर आहेच," ते म्हणाले. मला तेवढं पुरलं.

बिल्डर आला, चपला काढून ओट्याशी वाकला, मग दुकानात बसला. साहेब म्हणाले, "जुना आहे." मी खुशीत बिल्डरकडे पाहिलं. "इंग्रजांच्या वेळचा मैलाचा दगड आहे. शेंदराखाली रोमन आकडे हाताला लागतात. फोर्टातल्या चर्चपासून मैल मोजायचे तेव्हा."

बिल्डर माझ्याकडे वळला. "म्हणजे शेठ, इतकी वर्षं तुम्ही चर्चच्या नावाने नारळ फोडताय?"

"लोकांनी मानला तेव्हा तो देव झालाच की," साहेब घाईने म्हणाले. "यांच्या आईने तर..."

"साहेब, चहा घ्या," मी म्हणालो.

बातमी फुटली. जुन्या वास्तू जपणारी सरकारी माणसं आली. त्यांनी ओटा फोडला, शेंदूर खरवडला, चांदीचे डोळे माझ्या हातात दिले आणि दगडाला लोखंडी कठडा केला. रस्त्याकडची जागा शेवटी मिळाली ती दगडाला. मी मागे गेलो.

साहेबांशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण गल्लीतल्या दुकानात ते आपणहून आले, घाम पुसत बसले. "भाऊ, नव्या पुस्तकात तुमच्या आईवर एक प्रकरण लिहितो आहे. तुम्ही हो म्हणाल तरच छापीन."

"माझं गिऱ्हाईक तुटलं आणि तुम्हाला प्रकरण मिळालं."

"हो, तसंच झालं."

असं कबूल करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? मी सौद्यावर आलो. "प्रकरणाचं नाव म्हसोबा. दगड काढून टाका."

"दगड काढता येणार नाही. 'म्हसोबा आणि मैलाचा दगड' असं करू."

"नुसता म्हसोबा."

"भाऊ, खरं तर आधी दगड यायला हवा. तो मी मागे नेला. याहून खाली मला येता येणार नाही."

मी अजून हो म्हटलेलं नाही. ते रोज येतात, विचारतात, चहा पितात. या गल्लीत माझ्याकडे रोज येणारं दुसरं कोणी नाही.