सतरंजीवर झालेली अ‍ॅडमिशन

समाजकार्य शिकायला पैसे लागतात, ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्याच गळी उतरेना. सासूबाई तर सरळ म्हणाल्या, "सेवाच कराची हाये नं? मंग त्याले फी कायची? उलट त्यायनंच तुले दोन पैसे द्याले पायजे." 

माझं सासर देऊळघाटचं, माहेर मलकापूरचं. आमच्या यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती घेऊन येतात आणि हे तांब्याची तार गुंडाळत बसतात. मी एका संस्थेत सहयोगिनी. गावोगावी बायकांचे बचत गट बांधायचे, त्यांच्या बैठका घ्यायच्या, भांडणं मिटवायची, बँकेत त्यांच्यासोबत जाऊन उभं राहायचं, हे माझं काम. केस पांढरे होईपर्यंत हेच केलं. आता मेंदी लावते, म्हणून ते लाल दिसतात एवढंच.

मग संस्थेनं कौटुंबिक सल्ला केंद्र काढलं. त्यातल्या समुपदेशकाच्या जागेसाठी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मोठी पदवी, पाहिजे, आणि माझ्याकडे लग्नानंतर बाहेरून केलेली बी.ए. त्या जागेवर जी मुलगी आली ती माझ्या लेकीपेक्षा जेमतेम मोठी. स्वभावानं गोड. प्रत्येक गोष्ट मला विचारून करायची, मी सांगायचे, ती लिहायची आणि खाली सही तिची. असे काही महिने गेल्यावर एक दिवस जेवताना मी जाहीर केलं, "मी एमएसडब्ल्यू करणार."

"कोण?" आमचे हे म्हणाले.

लेक बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आई, तू अन् मी एकाच टायमाले कॉलेजात? लोक विचारतील, दोघीतली सिनियर कोण म्हणून."

पण मोबाइलवर फॉर्म भरले तिनंच. तीन ठिकाणी.

पहिलं पुण्याचं. नाव मोठं, वसतिगृह, ग्रंथालय, सगळं. तिथं माझा नंबर लागला तेव्हा मी दोन दिवस गल्लीतून जरा ताठ चालले. मग फीचा आकडा आला. आमचे हे तो आकडा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "यासाठी तालुक्यातल्या सगळ्या मोटारी जळाव्या लागतीन." त्यानंतर काही दिवस लाइट कमीजास्त झाली की ते आशेनं बल्बकडे बघायचे.

दुसरं कॉलेज घरापासून तासाभरावरचं. टेबलामागचे गृहस्थ फारच प्रेमळ. "म्याडम, तुमाले रोज यायची गरजच नाही. परीक्षेले या. क्षेत्रकार्याचं टेन्शन घेऊ नका, अहवाल तयार भेटतात, फक्त नाव टाकाचं." क्षेत्रकार्य म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थ्यानं दवाखान्यात, शाळेत, वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, काय घडलं ते लिहायचं आणि शिक्षकांशी त्यावर बोलायचं. या शिक्षणातलं मुख्य तेच. इथं ते आयतं मिळत होतं. फी मध्यम, हप्त्यांनी चालेल, नोकरी सुटणार नाही. घरच्या सगळ्यांना हे पटलं. मला तर तिथंच पटलं होतं. घरी येईपर्यंत पदवीदानाला कोणती साडी नेसायची तेही ठरलं होतं.

तिसरं अकोल्याचं. अनुदानित, फी थोडी, पण हजेरी रोजची. म्हणजे नोकरी सोडायची, तिथं खोलीत एक खाट भाड्यानं घ्यायची, मेसचं जेवायचं, शनिवारी घरी यायचं. मुलाखतीला जाऊन येऊ म्हणून गेले.

मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. कामाचा एखादा अनुभव सांगा म्हणाल्या. मी माझा ठेवणीतला अनुभव काढला. एका गावातली बाई, नवरा पिणारा, सासू वरून बोलणारी. मी गेले, सासूला चार शब्द सुनावले, सरपंचांना बोलावलं, बाईला गटात घेतलं, तिच्या नावानं खातं उघडून दिलं. ही गोष्ट मी कितीतरी शिबिरांत सांगितली आहे. शेवटी टाळ्या पडतात.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "छान," म्हणाल्या. "तिला काय हवं होतं?"

"खातं. म्हणजे, स्वतःचा पैसा."

"ते तुम्हाला वाटलं. तिनं तुमच्याकडे काय मागितलं होतं?"

मी तोंड उघडलं. बोलण्यावरच पोट भरणारी बाई मी, पण त्या दिवशी एक वाक्य येईना. परतीच्या एसटीत बाळापूर गेलं, खामगाव गेलं, घाट लागला, मी आठवत राहिले. ती काहीतरी सांगत होती, एवढं नक्की. माझ्या समोर, उंबऱ्यात बसून. मी तेव्हा सरपंचांना फोन लावत होते.

त्यांच्या यादीत माझं नाव लागलं त्या दिवशी मी घरी म्हटलं, "अकोल्यालाच जाणार."

"काऊन?" हे म्हणाले.

"फी कमी आहे."

खरं कारण सांगायला शरम वाटली. शिवाय फी कमी असली तरी बाकीचं कमी नव्हतं. खाट, मेस, गाडीभाडं, दोन वर्षं पगार नाही आणि लेकीची फी चालूच. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या अटीत आम्ही थोडक्यात बसत नव्हतो. मी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. साहेब म्हणाले, "विद्यार्थ्याला सोबत आणलंय का?"

"आणलंय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या मागं वाकून पाहिलं. मग मी कोण ते त्यांच्या ध्यानात आलं आणि बिचाऱ्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. वय बसत नव्हतं.

मग दादा आला. माझा मोठा भाऊ, मलकापुरात कापसाचा व्यापार करतो. येताना शेगावची कचोरी घेऊन आला आणि चहा व्हायच्या आत मुद्द्यावर. "सगळे पैसे मी देतो. व्याज नाही, मुदत नाही. पण जवळचं कॉलेज घे. घरबसल्या डिग्री भेटून राह्यली, मंग या वयात अकोल्याले खाट कायले टाकतं?"

दादा मनानं मोठा माणूस आहे, यात खोट नाही. पण आमच्या दुकानातलं गुंडाळीचं यंत्र एकदा त्याच्या पैशानं घेतलं होतं. ते पैसे केव्हाच फिटले. तरी कोणत्याही लग्नात दादा चार पाहुण्यांत आमच्या यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, "जावईबापूचं दुकान मस्त चालू हाये. आपलीच मशीन हाये नं थे." त्या वेळी आमचे हे ताटातल्या पापडाकडे असे बघतात की जणू पापड पहिल्यांदाच पाहिला. ही पंगत मला माझ्या पदवीसाठी नको होती.

"सांगते," म्हटलं मी दादाला.

राहिला आमच्या गल्लीतला बचत गट. मी त्यात साधी सभासद, पण बांधला मीच. कर्ज देण्याआधी काय काय विचारायचं ते मीच शिकवलेलं. कर्ज मागणारीनं सतरंजीच्या मधोमध बसायचं म्हणजे सगळ्यांना तिचं तोंड दिसतं, हीसुद्धा माझीच कल्पना. त्या महिन्याच्या बैठकीत मधोमध बसल्यावर ती किती वाईट कल्पना आहे ते कळलं.

अध्यक्ष म्हणजे पिठाच्या गिरणीवाली. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे तिचं कुजबुजणंही पलीकडच्या गल्लीत जातं. तिनं सुरू केलं. "कर्ज कायले पायजे?"

"शिक्षणाला."

"पोरीच्या?"

"माझ्या."

सतरंजीवर एकच हशा.

"चूप बसा व!" अध्यक्ष ओरडली. "मागनारीले हसाचं नाही, ताईनंच सांगितलं हाये. हां ताई, उत्पादक हाये का अनुत्पादक?"

हेही माझंच. शेळी, शिलाई मशीन, गिरणी हे उत्पादक. लग्न, बारसं, जेवणावळ अनुत्पादक. मी म्हटलं, "उत्पादक."

कोपऱ्यात शेळ्यावाली मावशी बसली होती. गटातली सगळ्यात म्हातारी, आणि एकदा प्रश्न धरला की सोडणार नाही अशी. ती म्हणाली, "मंग दूध कवा देते?"

"दोन वर्षांनी."

"दोन वर्सं भाकड?"

यावर अध्यक्षसुद्धा हसली.

"अन् पुन्याचं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"ते आपल्या गटाच्या आवाक्यातलं नाही."

"आवाक्यात काय हाये थे आम्ही ठरवू. आकडा सांग."

मी सांगितला. अध्यक्षनं गटाची वही उघडली, शिल्लक पाहिली, वही मिटली. मग म्हणाली, "नाही आवाक्यात," आणि पुढं सरकली. "थे जवळचं घे नं मंग. तुहा भाऊ बिनव्याजी देऊन राह्यला म्हणे." आमच्या गल्लीत बातमी माणसाच्या आधी पोचते.

मी जवळच्या कॉलेजचं सांगितलं. जायचं नाही, लिहायचं नाही, अहवाल तयार मिळतात.

मावशी पुढं सरकली. "म्हंजे गेल्याबिगर गेली म्हणून लिवतात?"

"हो."

"त्या खालच्या गावच्या गटानं बैठक न घेता हजेरी लिवली होती, त्यायचं तू काय केलं होतं?"

"गट बंद केला होता."

मावशीनं मान हलवली. त्या कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही.

"हप्ता कुठून देशीन?" अध्यक्षनं विचारलं. मी संस्थेशी बोलून आले होते. शनिवार-रविवारच्या बैठका मी मानधनावर घेणार होते. वर आमचे हे रब्बीच्या हंगामात दुकानातून थोडं देणार, असं मी सांगायला लागले तशी मावशीनं मला अडवलं. "त्याचं नाव नको घेऊ. कर्ज तुहं, फेड तुही. त्याले त्याच्या मोटारी भरू दे."

आता जामीनदार. दोघींच्या सह्या लागतात. सगळ्या आपापल्या बांगड्या बघू लागल्या. मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते की भिडेखातर सही करायची नाही. एवढं माझं कोणतंच शिक्षण त्यांनी मनावर घेतलं नसेल.

मावशी म्हणाली, "ताई, एक खरं सांग. अकोल्यालेच काऊन? फी कमी हाये हे मले नको सांगू. खाटीचं भाडं धरलं तं कुठं कमी हाये?"

मग मी ते सांगितलं. घरी सांगितलं नव्हतं ते, सतरंजीच्या मधोमध बसून. मुलाखतीतल्या बाईंचा प्रश्न, आणि मला उत्तर आलं नाही ते. "मी इतकी वर्षं काम केलं, पण त्या बाईनं काय मागितलं ते मला आठवत नाही. मला ते शिकायचंय. अकोल्याला ते विचारणारं कुणीतरी आहे."

 मावशीनं पदर सारखा केला.

"तू आयकत नाही, थे आमाले माहीत होतं," ती म्हणाली. "पण धावून येते, म्हणून कोणी बोललं नाही."

मला वाटतं माझे कान लाल झाले असावेत. मेंदी मी फक्त केसांना लावते.

"आन इकडं. मी सही करतो," मावशी म्हणाली. दुसरी सही अध्यक्षची. मागितलं तेवढं मात्र मिळालं नाही. पहिल्या वर्षापुरतं मंजूर झालं. दुसऱ्या वर्षाचं, पहिल्या वर्षाचे मार्क पाहून. मासिक बैठक चुकवायची नाही, कॉलेज असो की परीक्षा.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. "दादा, पैसे नको. गटातून घेतले."

"बायायकडून? अवं, त्यायले व्याज देशीन, पण भावाचं बिनव्याजी नको? माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा आहे, दादा. पण व्याज भरलं की ते संपतं."

 त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग म्हणाला, "सोमवारी गाडी पाठवतो. बॅगा घेऊन एसटीत कुठं चढते?"

"एसटीनंच जाते," मी म्हटलं, आणि गेले.

खोलीतल्या दोन मुली पहिले चार दिवस मला घरमालकीण समजत होत्या. पाण्याची टाकी कधी भरणार असं विचारायच्या. पाचव्या दिवशी वर्गात मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा उलगडा झाला. क्षेत्रकार्याला मला दवाखान्यात पाठवलं. पहिला महिना कुणालाही सल्ला द्यायचा नाही, असं मुलाखतीतल्याच बाईंनी बजावलं होतं. दाताखाली धरून धरून माझी जीभ दुखायची. अहवालात मी लिहायचे, "मी तिला समजावले." बाई लाल शाईनं खाली लिहायच्या, "ती काय म्हणाली?" आधी पानापानावर लाल. मग पानाआड.

हप्ता एकदाही चुकला नाही असं इथं लिहिणार होते, पण गटातल्या दोघीतिघी वाचतात. एकदा चुकला. दंड भरला. दंडाचा नियमही माझाच.

वर्ष संपल्यावर गुणपत्रिका घेऊन सतरंजीवर मधोमध बसले. ती सगळ्यांच्या हातून फिरली. वाचता न येणाऱ्या मावशीनंही ती उजेडाकडं धरून पाहिली आणि विचारलं, "सगळ्यात कमी कायच्यात हाये?"

"संशोधन पद्धतीत."

"थे काय असते आमाले समजत नाही," मावशी म्हणाली, "पण पुढच्या साली वाढलं पायजे," आणि दुसऱ्या वर्षाच्या कर्जावर अंगठा उठवायला शाईचा डबा मागितला.