कवितेतल्या ‘मी’ची चौकशी

विमा कंपनीतला हा तपासनीस म्हणजे संशयाचं चालतंबोलतं दुकान. गोदाम जळालं की लोक पाणी घेऊन धावायचे, हा टाचणवही घेऊन. राखेत बोट फिरवून म्हणायचा, “आगीआधी माल हलवलाय.” आणि बहुतेकदा तो हलवलेलाच असायचा. तीस वर्षं असली नोकरी केली की माणूस दुधात पाणी आहे का, हे विचारत नाही. गाय होती का, ते विचारतो.

अशा माणसाच्या बायकोनं पन्नाशीत साहित्याच्या वर्गात नाव घातलं. आणि सुट्टीच्या एका सकाळी, पेन शोधताना, याच्या हाती तिची वही आणि तिच्या अक्षरातल्या दोन ओळी लागल्या :

‘तो अजून यायचाय.
मी दार उघडंच ठेवलंय.’

एकतीस वर्षांचा संसार! पण सवय ती सवय. त्यानं ओळी कागदावर उतरवल्या, तारीख घातली, उठून दाराची कडी तपासली. कडीला ताजं तेल! संशयाला पेटायला तेवढं तेल पुरलं.

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली.

“बस. हे अक्षर तुझं?”

“अहो, माझ्या वहीत शेजारणीचं कशाला असेल?”

“हा ‘तो’ कोण?”

“कवितेतला आहे.”

“आणि ‘मी’?”

“तीही कवितेतलीच. तिला निवेदक म्हणतात. कवितेतली ‘मी’ म्हणजे लिहिणारी नव्हे. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.”

“वा! गोदामवालेही हेच म्हणतात. सही माझी, पण मी तो नव्हेच!”

“काही निवेदक खोटंही बोलतात. ते अविश्वसनीय निवेदक.”

तपासनीस खुर्चीत पुढे सरकला. “त्यांना वेगळं नाव आहे? मी आयुष्यभर नुसतं चोर म्हणत आलो!” मग आठवण होऊन त्यानं दरडावलं, “आणि ते उघडं दार?”

“ते प्रतीक.”

“कडीचं तेल?”

“तो तुमचा आळस. महिनाभर करकरत होती, शेवटी मीच घातलं. आणि कविता अर्धी वाचून कसले जबाब घेता? पान उलटा.”

त्यानं उलटलं.

‘बूट आले, पिशवी आली,
पाणी पिऊन झालं.
तो अजून यायचाय.’

त्यानं त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या आणि दाराशी ठेवलेल्या स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

“हा... हाही कल्पितच ना?”

“अगदी कल्पित,” ती म्हणाली आणि फडक्याला हात पुसू लागली. हात तर केव्हाच कोरडे झाले होते.

खोटं ओळखण्यावर ज्याचं पोट चाललं, त्याला हे ओळखायला राख चिवडावी लागली नाही. त्यानं उतरवलेला कागद फाडला आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

“बरं, परीक्षेला आणखी कुठले शब्द आहेत? घे, मी विचारतो.”

“तुम्ही? दुपारी गिरणीची राख बघायला जाणार होतात ना?”

“राख कुठं पळून जातेय!”

तिनं त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग पुढे वाकून त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तरी तिनं दुसऱ्यांदा लावून पाहिला.