मिठागराची हवा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं कारण दिलं, कधी गुडघ्यांचं. लिहायला गुडघे लागत नाहीत, असं बायकोने एकदा सुनावलंही. आता कारणं संपली आहेत.

मॅडमची आठवण आली की आधी त्यांची मान आठवते. चालता चालता एखादा बोर्ड दिसला की त्या थांबायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. तसले बोर्ड तुम्हीही पाहिले असतील. 'गाड्या स्वतःच्या जबाबदारीवर लावाव्यात.' 'चपला हरवल्यास मंडळ जबाबदार नाही.' 'लिफ्टमध्ये अडकल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' आपण वाचतो न वाचतो आणि पुढे जातो. त्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायच्या, माझ्याकडे वळायच्या आणि आईकडून आलेल्या मालवणीत विचारायच्या, "मगे जबाबदार कोण? माझो आजो?"

आम्ही त्यांना सर्वेवाल्या मॅडम म्हणायचो. पार्ल्यातल्या एका लहानशा संशोधन संस्थेत होत्या. चाळिशीच्या असतील. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, "तुमचा विषय काय, मॅडम?"

"कोर्टाने एकाला नुकसानभरपाई द्यायला लावली की आजूबाजूचे काय करतात, ते मी बघते."

"काळजी घेतात. दुसरं काय करणार?"

"पुस्तकात तसंच लिहिलंय, काका," त्या म्हणाल्या. "पण जाऊन बघायला नको?"

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी करून निवृत्त झालो होतो, आणि मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या आल्या होत्या झोपाळ्यांसाठी. भांडुपला एका सोसायटीच्या बागेत झोपाळ्याची साखळी तुटली, एक मुलगी पडली, कोपराचं हाड मोडलं. आईवडील कोर्टात गेले आणि सोसायटीला भरपाई द्यावी लागली. ती बातमी मुलुंडला पोचली, आणि हळूहळू सोसायट्यांच्या बागांतले झोपाळे नाहीसे झाले. नुसते खांब उरले. मुलं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून खेळायला लागली.

मॅडमचा अंदाज सरळ होता. भरपाईच्या भीतीने लोकांनी साखळ्या दुरुस्त केल्या नाहीत, झोपाळेच काढून टाकले. हे पडताळून निघालं तर त्या सरकारदरबारी मांडणार होत्या, की जो नीट देखभाल ठेवतो त्याला कायद्याने थोडं संरक्षण द्या, म्हणजे झोपाळे परत येतील. संस्थेतली त्यांची नेमणूक तात्पुरती होती. ती पुढे चालू राहायची की नाही, तेही याच अभ्यासावर ठरणार होतं. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं होतं, अगदी सहज, साखर कमी घाला म्हणावं तसं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे विसरू नका.

त्या दिवसांतल्या दुपारी मला आता पिवळ्या दिसतात. सोनमोहोर फुलला होता, गल्ल्यांमधून फुलांचा सडा पडलेला असायचा आणि आम्ही दोघं त्यावरून एका सोसायटीतून दुसरीत जायचो. कुठल्या तरी खिडकीतून कुकरची शिट्टी, कुठे वॉचमन खुर्चीत पेंगलेला. बागेत गेलं की त्या रिकाम्या खांबांमधून पलीकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "काका, ऐकू येतंय ना? करकर?" झोपाळा तर नव्हताच. पण खरं सांगतो, क्षणभर मलाही ऐकू आली.

मग त्या खांबावर बोट फिरवून बघायच्या. बोट स्वच्छ निघायचं, गंजाचा कण नाही. ते मला दाखवायच्या आणि तरीही ओढणीला पुसायच्या.

आता जे टाळत होतो ते.

सगळ्या सेक्रेटरींशी ओळख करून देण्याचं मीच कबूल केलं होतं. त्याप्रमाणे प्रत्येकाला आधी फोन केला. पण क्लेम खात्यात एक सवय हाडात मुरते. कोणी काही विचारायला येणार असलं की आपल्या माणसाला आधी गाठायचं आणि काय बोलायचं नाही ते सांगायचं. कबुली द्यायची नाही. कारण एकच द्यायचं, आणि सगळ्यांनी तेच द्यायचं. त्यात मला कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट मी सोसायट्यांचं भलंच करतोय, अशी माझी समजूत.

मुलुंड पश्चिमेला, पार डोंगराच्या पायथ्याशी, माझा एक जुना मित्र सेक्रेटरी होता. त्याला म्हटलं, "हे बघ, घाबरून काढला असं बोलू नकोस. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तेच तुझ्या गळ्यात येईल. गंजला होता सांग."

"आणि कशाने गंजला विचारलं तर?"

"मिठागराची हवा सांग ना."

"झकास," तो म्हणाला.

मिठागरं आमच्या पूर्वेला, हायवेच्या पलीकडे. आमच्याकडे ते कारण निदान शोभत तरी होतं. पण फोनच्या नादात मी पूर्व काय आणि पश्चिम काय, सगळ्यांना एकच सांगून बसलो.

आम्ही मित्राच्या सोसायटीत गेलो तेव्हा तो बागेत पाठीमागे हात बांधून उभा होता. त्याच्या मागे सबंध हिरवा डोंगर. मॅडमनी प्रश्न विचारला. तो पाठ केलेलं म्हणाला, "काय आहे मॅडम, मिठागराची हवा. लोखंड टिकतच नाही हो."

मॅडमनी त्याच्या डोक्यावरून डोंगराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर मीच उगीच म्हणालो, "काहीही बोलतात लोक."

"बोलू देत. लोक सांगतील ते आधी तसंच लिहायचं, काका. आपली शंका त्यात मिसळायची नाही. नाहीतर आपणच उत्तर लिहिलं, असं होतं." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा कशाने गेला? तुमचं लिहायचं राहिलंय."

आमच्या झोपाळ्याची साखळी, तेल लावून, कापडात गुंडाळून मीटर रूममध्ये ठेवलेली होती. मीच ठेवली होती. मी म्हणालो, "गंजला होता."

त्यांनी तेही लिहिलं.

अभ्यास वाचून दाखवायचा कार्यक्रम पार्ल्याला संस्थेच्या छोट्या हॉलमध्ये झाला. मदत केली म्हणून मला बोलावणं होतं. मॅडमनी सुरुवातीलाच माझे आभार मानले, चार लोकांनी वळून बघितलं. मग त्यांनी जे हाती आलं ते मांडलं. आपला अंदाज खोटा ठरला, हेही सांगितलं. भरपाईच्या भीतीचा परिणाम दिसत नाही; लोक गंजाचं कारण देतात.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला. "मी मुलुंड पश्चिमेला राहतो. आमच्याकडे मिठागराची हवा कधीपासून यायला लागली?"

हॉल हसला. मग दुसऱ्या कोणीतरी विचारलं, "सगळ्यांचं उत्तर एकच कसं? कोणी पढवलं होतं का त्यांना?"

मी शेवटच्या रांगेत होतो. हातात बशी होती, बशीत अर्धा सामोसा. मॅडमनी मान जराशी कलती केली, जणू समोर एखादा बोर्डच होता. मला वाटलं, आता त्या 'माझो आजो?' म्हणणार आणि सगळे पुन्हा हसणार.

"पढवलं असेल तर ते मला ओळखता यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "विचारायला गेले होते मी. जबाबदार मी."

एवढंच. अभ्यास त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला. मी बशी खुर्चीखाली ठेवली आणि ती नीट ठेवली गेली की नाही, हेच वाकून बघत राहिलो.

नेमणूक संपली तसं त्या एकदा मुलुंडला आल्या. येताना माझ्यासाठी मालवणी खाजं आणलं. "माझ्यापायी तुमची उन्हातून पायपीट झाली, काका." आम्ही बागेत रिकाम्या खांबांजवळच्या बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं. माझ्या तोंडात खाज्याचा तुकडा होता, गूळ विरघळत होता, आल्याची चव लागत होती, आणि त्यामागे एक वाक्य तयार होतं. तुकडा संपला की बोलायचं, असं मी ठरवलं. संपला. मी म्हणालो, "चहा घेणार?"

"नको, निघते." उठताना त्यांनी सवयीने खांबावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी त्या हसण्यावरून आजही ठरवू शकलेलो नाही.

त्या दुसऱ्या गावी गेल्या. फोन नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला शुभेच्छा पाठवायचो, त्याखाली आणखी दोन ओळी लिहायचो, आणि त्या खोडून वरचं तेवढं पाठवायचो. त्यांचं उत्तर यायचं. एका दिवाळीला आलं नाही. पुढे संस्थेच्या ग्रंथपालांकडून कळलं, त्या आजारी होत्या, आणि गेल्या.

त्यानंतर मी मीटर रूममधून साखळी काढली आणि झोपाळा पुन्हा टांगला. शेजारी बोर्ड लावायला कमिटी सांगत होती, मी लावू दिला नाही. संध्याकाळी मुलं येतात, ओळीत उभी राहतात, भांडतात. दुपारी मात्र बाग रिकामी असते. तेव्हा मी बाकावर जाऊन बसतो. वाऱ्याने झोपाळा आपोआप थोडासा हलतो, करकरतो, आणि खाज्याच्या तुकड्यामागे राहिलेलं ते वाक्य मी तिथे रोज नीट जुळवतो.

मॅडम, एकही झोपाळा गंजलेला नव्हता. तुमचा अंदाज बरोबर होता. त्यांना मी पढवलं होतं.