पानवेलीचे राखणदार

भीती रेशनवर मिळत असती, तर माझ्या थोरल्या मेहुण्यांनी अख्ख्या आर्वीचा कोटा एकट्याच्या कार्डावर उचलला असता, आणि तो पुरेल की नाही या काळजीने पुन्हा दुकानासमोर जाऊन उभे राहिले असते. माझी पत्नी त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. दादा एसटीत आधी संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराशेजारी बसतात, आणि गाडी सुटली की ते दार आपोआप उघडेल म्हणून उठून दुसरीकडे जातात. वहिनींनी गॅस बंद केला की तो बंद आहे का हे तपासतात, आणि तपासताना आपला हात लागून तो सुरू तर झाला नाही ना, म्हणून परत स्वयंपाकघरात येतात. अशा माणसाच्या हाती मी माझ्या घरातली सर्वांत नाजूक गोष्ट सोपवली होती.

ती म्हणजे पत्नीने लावलेली पानवेल. दादा आणि ती लहान असताना त्यांच्या गावी एक पानमळा होता. तिथल्या वेलीच्या तुकड्यापासून वाढत आलेली ही वेल तिने वर्ध्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, एका चिरलेल्या बादलीत जगवली. उन्हाळाभर ती वेलीभोवती जुनी साडी ओली करून बांधायची. ती गेल्यावर मी एखाद्या दिवशी तीनदा पाणी घाली, एखाद्या दिवशी विसरून जाई. पानवेलीवर मिळाले तेवढे सगळे वाचले. पाने पिवळी पडतच राहिली. तेरवीला आलेले दादा जेवणाआधी बाल्कनीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "जवाईबापू, हे वेल इथं मरन." संध्याकाळच्या गाडीने बादली मांडीवर घेऊन, तिच्यावर स्वतःचा दुपट्टा धरून ते आर्वीला गेले.

मग गच्चीवर वेलीसाठी घर बांधायचे ठरले. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. आमच्या न्हाणीघरापेक्षा जरासे मोठे. ते कशाचे करावे यावर दादांनी अख्खा हिवाळा घालवला. बांबूला भुंगा लागतो, लाकडाला वाळवी, प्लास्टिकचा पाइप उन्हात वाकतो. लोखंड पक्के, पण "लोखंड वीज ओढते ना जवाईबापू!" अखेर लोखंडच आले, मात्र चारही पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घालून. वर घालायची हिरवी जाळी पन्नास टक्के सावलीची घ्यावी की पंचाहत्तर, हा पुढचा पेच. दादांनी दोन्हींचे तुकडे आणले आणि भर दुपारी गच्चीत स्टुलावर बसून आळीपाळीने एकेक तास डोक्यावर धरले. वहिनी जिन्यातून ओरडल्या, "लावा आता सोताले कुंडीत! मी घालतो पानी!" दादांनी तिकडे लक्ष दिले नाही. पंचाहत्तर टक्क्यांत डोके कमी दुखले, म्हणून ती जाळी नक्की झाली.

घर उभे राहिले आणि दादांच्या भीतीला राहायला पक्की जागा मिळाली. वावधन सुटले तर ते उडून जाईल म्हणून चारही कोपरे दोरांनी पाण्याच्या टाकीला बांधले. नंतर टाकीच ओढली जाईल या शंकेने टाकी कठड्याला बांधली. गारपिटीची बातमी कुठल्याही जिल्ह्यातली असो, आर्वीत छतावर गादी चढे. माकडांसाठी वेगळी काठी होती, आणि ती माकडांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात. पानमळ्यात जसे अनवाणी जात, तसेच इथेही. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर चपला काढून मी टुणटुण उड्या मारू लागलो, तर दादा गंभीरपणे म्हणाले, "पाय भाजतेत त भाजू द्या. वेलीले इटाळ नाई झाला पायजे." हसू येई, पण मनात धाकधूकही असे. त्या जाळीत तिच्या हातचे शेवटचे काही जिवंत होते. मी म्हटले, चार तुकडे करून चार कुंड्यांत लावू. दादांनी दोन्ही हात मागे घेतले. "चाकू लावाले हात धजत नाई."

दर दुपारी मी फोन करी आणि दादा धोके वाचून दाखवत: आज ऊन इतके, वारा अमक्या दिशेने, एका पानावर ठिपका आहे. ऐकता ऐकता माझा जीव शांत होई. इतका घाबरलेला माणूस पहाऱ्यावर असताना काय बिघडणार?

गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते फक्त म्हणाले, "बरी हाये वेल." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दादांच्या तोंडून 'बरी' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. चौथ्या सकाळी मी आर्वीची गाडी पकडली. वाटेत पुस्तक उघडले, आणि उतरेपर्यंत एकच ओळ वाचत राहिलो.

वहिनींनी दार उघडले. "चार दिस झाले, धड जेवले नाई," एवढेच बोलून त्यांनी जिन्याकडे बोट केले. मी वर गेलो, चपला काढल्या. आत दादा जमिनीवर बसले होते. वेलीची पाने काळी पडून दोरीवरच्या ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती.

झाले ते असे. आष्टीला लग्न होते. वादळाचा अंदाज ऐकून दादांनी जाळीभोवती चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले, फट राहू नये म्हणून चिकटपट्टी लावली, आत छोटा कूलर सुरू केला आणि गेले. वादळ आले नाही. ऊन आले. कूलर दिवसभर आत वाफ भरत राहिला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की कूलर लावला की खिडकी उघडायची. हे दादाच तर पाहुण्याच्या घरी गेल्या गेल्या विचारत, "खिडकी काऊन बंद हाये? हवा जाईन कुठून?"

"भ्यालो अन् बंद केलं," ते म्हणाले. "मायी बहीन मीच शिजवली जवाईबापू."

मी खाली बसून वेल चाचपली. मातीजवळ तीन पेरी अजून हिरवी होती. दादांनी त्यांना लाल धागा बांधून ठेवला होता.

"कापून लावली त वाचन म्हन्ते नर्सरीवाला. माह्यानं होत नाई."

पुस्तकाचा कोपराही आयुष्यात कधी दुमडला नाही असा मी. दादांनी डोळे मिटले आणि मी पाते चालवले. तीन तुकडे ओल्या मातीत लावले. त्यातला एक दोन दिवसांत गेला. उरलेले दोन दादांनी तीन आठवडे राखले, या वेळी पूर्वेकडची जाळी गुंडाळून, वारा वाहता ठेवून. मग त्यातली एक कुंडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"माझ्याकडे मरेल, दादा."

"मरन त मरन. पन दोघायपाशी असल्या त दोघी एकाच दिवशी त नाई मरनार ना!"

आता बाल्कनीत चार काड्यांवर जाळी टाकून मी एक छोटेसे घर केले आहे. एक बाजू उघडी. वेलीला तीन पाने आहेत. दुपारी वारा वाढला की मी अनवाणी तिच्याजवळ उभा राहतो आणि आर्वीला फोन लावतो. दादा सुरू करतात: ऊन, माकडे, ठिपका, टाकीची दोरी. मी मध्ये बोलत नाही. त्यांची यादी जितकी लांबते, तितका मला धीर येतो.